निळी तार, सहा सेंटिमीटर

देवमनने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि लगेच त्यावर तळहात ठेवला, पंख्याने कागद उडू नये म्हणून ठेवतात तसा. टेबलाच्या पलीकडे कारखान्याचे मालक ओमप्रकाशशेठ बशीत चहा ओतत होते. त्यांच्या शेजारी गीतांजली बसली होती, दोन महिन्यांपूर्वी कारखान्यात लागलेली इंजिनिअर. तिने वही उघडली तशी देवमनच्या कपाळाला आठी पडली. ज्याच्या डोक्यात काही राहत नाही त्यालाच वही लागते, असं त्याचं जुनं मत होतं.

“यात काय आहे, सर?” तिने विचारलं.

“अकरा वर्षांपासून जे देऊन राहिलो तेच हाय. गर्बर.”

“गर्बर आहेत आमच्याकडे. मी एकच फाइल मागितली होती, सगळं एकत्र असलेली.”

देवमन तिच्याशी बोललाच नाही. तो शेठकडे वळला.

“ही पोरगी मागून राहिली, आन् तुमी मले त्याच्यासाठी अमरावतीहून बोलावलं?”

ओमप्रकाशशेठ चहा फुंकत राहिले. देवमनसमोर चहा फुंकत राहणं हे ते अकरा वर्षांत शिकले होते.

अकोल्याच्या एमआयडीसीतला हा कारखाना शेतातल्या मोटारपंपाचे स्टार्टर बनवायचा. तीन फेजपैकी एक गेली की मोटार जळते. ती जळायच्या आत बंद करणारा जो बोर्ड स्टार्टरच्या पेटीत बसतो, तो देवमनने आखलेला होता. अकरा वर्षांत त्याने तो चार वेळा सुधारला आणि चारही वेळा कारखान्याला दिल्या त्या फक्त गर्बर फाइली. गर्बर म्हणजे बोर्डाच्या एकेका थराचं चित्र. वरचं तांबं, खालचं तांबं, हिरवा लेप, पांढरी अक्षरं, आणि सोबत भोकांची यादी. ही चित्रं एकावर एक ठेवून बोर्ड छापून घेता येतो. पण कशाला काय जोडलंय आणि कशासाठी, हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. देवमनला गर्बर आवडायच्या त्या एवढ्याचसाठी. लोकांना चित्र द्यावं, अक्कल देऊ नये.

मुळात लोकांबद्दलच त्याचं मत वाईट होतं. कॉलेजातून नवीन निघालेल्यांना तो मोबाइलवाले म्हणायचा. बोर्डावर सुटे भाग बसवणाऱ्यांना तर तो माणसांतच धरत नसे. रांगोळीचे ठिपके जोडायला काय लागतं, असं विचारायचा. सर्किट आधी कागदावर काढून मग बोर्ड आखणं ही त्याच्या लेखी शिकाऊंची पद्धत होती. तो थेट तांब्याच्या रेघा ओढायचा. अमरावतीच्या राजापेठेतल्या त्याच्या खोलीत टेबलावर वडिलांच्या वखराची जुनी लोखंडी पास, म्हणजे माती कापणारं आडवं पातं, ठोकलेली होती. नवा बोर्ड आला की त्याचे खालचे दोन स्क्रू तो त्या पासेत आवळायचा, वीज द्यायचा, एक फेज काढायचा, आणि बोर्ड पहिल्या फटक्यात चालायचा. दरवेळी चालला होता. मग तो शेठला फोन करून एवढंच म्हणायचा, छापा.

“मशीन येतंय, सर,” गीतांजली म्हणाली. “सुटे भाग तेच बसवणार. त्याला भाग कुठे बसतो, किती कोनात बसतो, सगळं लागतं. आणि कुठला पाय कुठल्या पायाला जोडलाय, ती यादीही. बोर्ड छापणारा त्या यादीवरून प्रत्येक बोर्ड तपासून देतो.”

“माझा बोर्ड तपासा नाही लागत.”

तिने वहीचं पान उलटलं. पानावर त्याच्याच बोर्डाचं चित्र चिकटवलेलं होतं आणि त्यावर पेन्सिलने दोन गोल होते.

“हे डावीकडचं तांबं ग्राउंड आहे. हे उजवीकडचंही ग्राउंड आहे. विजेला दोन्हीकडून परत जायचा रस्ता एकच पाहिजे. पण ही दोन मला चित्रात कुठे जोडलेली दिसत नाहीत.”

“गर्बर पाहाले नजर लागते, बाई. वहीत चिकटवून नाही दिसत.”

“मी चारही थर पाहिले, सर.”

“अकरा वर्षांत एक तक्रार नाही,” देवमन म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडात इतकं बसलेलं होतं की ते म्हणताना तो आवाज चढवतही नसे. “विचारा शेठले. काहो शेठ, आली का एखादी?”

ओमप्रकाशशेठनी बशी तोंडाला लावली. ती रिकामी झाल्यावरही त्यांनी थोडा वेळ खाली ठेवली नाही.

“नाही आली,” ते म्हणाले.

गीतांजलीने शेठकडे पाहिलं, मग वही मिटली.

“तरी सर, जाताना एकदा खाली लाइनवर चक्कर माराल का?”

“मले काय काम तिथं?” देवमनने पेनड्राइव्ह उचलून खिशात टाकला. “देतो तुमची फाइल. आठ दिवसांनी. सगळं भरून देतो. मंग पाहत बसा.”

जिना उतरताना त्याला बरं वाटलं नाही. ती फाइल दिली की त्याचं सगळं डोकं त्या मुलीच्या वहीत जाणार होतं, आणि पुढच्या खेपेला शेठ त्याला फोन करतील याची खात्री नव्हती. पण एवढ्या मोठ्या आवाजात होकार देऊन झाला होता. खाली गेटकडे जायच्या वाटेवर टेम्पो आडवा लागला होता. त्यातून मशीनचं लाकडी खोकं उतरवत सहा माणसं एकमेकांना सूचना देत होती आणि एकही जण हात लावत नव्हता. देवमनने त्यांच्याकडे पाहून नाक मुरडलं आणि पत्र्याच्या हॉलमधून पलीकडे निघाला. अकरा वर्षांत तो या हॉलमध्ये पहिल्यांदा शिरत होता.

दोन लांब टेबलं होती आणि आठ बाया. सोल्डरच्या धुराचा वास होता. तो मधल्या वाटेने पुढे चालला असताना एक तरुण बाई हातातला बोर्ड उंच धरून टेबलाच्या टोकाकडे ओरडली, “लीलामावशी, याले देवमन राहिला पाहा लावाचा.”

तो थांबला.

टेबलाच्या टोकाला दोरीचा चष्मा लावलेली एक पन्नाशीची बाई बसली होती. तिच्यापुढे लाकडी फळी होती, फळीवर दोन खिळे ठोकलेले होते आणि बाजूला निळ्या तारेचं रीळ. बोर्ड तिच्यापर्यंत आला. तिने रिळातून तार ओढली, एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत ताणली, तोडली, दोन्ही टोकं दातांशी न नेता नखाने सोलली, आणि बोर्डाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात टाके मारावेत तशी दोन ठिकाणी सोल्डर केली. पंधरा सेकंदही लागले नाहीत. देवमनला कोपरे ओळखायला मात्र अजिबात वेळ लागला नाही. डावीकडचं ग्राउंड आणि उजवीकडचं ग्राउंड.

“हे काय हाय?” त्याने विचारलं.

“देवमन हाय जी.”

“काय?”

“तार हाय. आमी देवमन म्हणतो तिले.” तिने वर पाहिलं. शर्टाच्या खिशात पेन असलेला माणूस दिसला म्हणून ती जरा सावरून बसली. “मशीनवाले होय का तुमी?”

“हो,” देवमन म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. आजवर गरजच पडली नव्हती. “ही तार काहून लावता?”

“लावाच लागते. नाही लावली त फेज गेली तरी पेटीले समजत नाही. मोटार जळते मंग.”

“बोर्डात नाही काय ते?”

“नाही ना जी. पहिल्यापासून नाही. बनवणारा विसरला.”

“मंग त्याले सांगा लागत होतं.”

लीलाबाई हसली. त्या हसण्यात राग नव्हता, आणि तेच त्याला सोसवलं नाही.

“पहिल्याच खेपेले शेठनं फोन केलता. बोर्ड चालून नाही राहिले म्हणून. त थो म्हणे, बोर्ड बरोबर हाय, तुमच्या बायांचे हात पाहा. आन् फोन ठेवून देल्ला. मंग मी आन् तवाचा मिस्तरी दोन दिवस तार घेऊन बसलो. इथून लाव, तिथून लाव. लागली एकडाव. अमरावतीचा हाय थो, देवमन नाव हाय त्याचं. तवापासून हे देवमन.”

देवमनला तो फोन आठवेना. असे फोन त्याने आयुष्यात इतक्या जणांचे ठेवून दिले होते की त्यातला हा कोणता, हे कळायला मार्ग नव्हता.

“बाद मध्ये त्यानं नवीन बोर्ड देल्ले. चारदा देल्ले,” ती पुढचा बोर्ड ओढत म्हणाली. “दरखेपेले आमाले वाटे, आता लावला असंन. नाही. त्याच्या ध्यानातच नाही.”

“मंग तुमीच काहून नाही सांगतलं? चिठ्ठी धाडाची.”

“शेठ म्हणत, राहू द्या, तापट माणूस हाय, पण बाकी काम चोख हाय त्याचं. आन् आता त नकोच सांगाले.” तिने मान गेटकडच्या खोक्याकडे हलवली. “हे तुमची मशीन सगळंच लावते म्हणे. आठातल्या तिघी राहतीन. एक मशीनपाशी, एक पेट्या भराले, आन् एक मी.”

“तुमी काहून?”

“तार नाही ना लावता येत मशीनले,” लीलाबाई म्हणाली. तिने खिळ्यांवर पुढची तार ताणली.

देवमनने टेबलावरचा एक तयार बोर्ड उचलला, उलटा केला, सुलटा केला. जोडणी स्वच्छ होती. सोल्डरचा थेंब ना जास्त ना कमी. बोर्ड खाली ठेवून तो टेम्पोला वळसा न घालता, खोकं उतरवणाऱ्यांच्या मधून, कुणाकडे न बघता बाहेर पडला.

अमरावतीला परतताना मूर्तिजापूर येईपर्यंत त्याने स्वतःला पटवलं होतं की बाया काहीही बोलतात. गाडीत समोर बसलेला माणूस मोबाइलवर मोठ्याने कीर्तन ऐकत होता, त्याचाही राग त्याने लीलाबाईवरच काढला. बडनेऱ्याला उतरेस्तोवर त्याने निकाल देऊन टाकला होता: बोर्ड बरोबर होता, यांच्या पेटीत काहीतरी खोट होती. घरी येऊन त्याने दिवा लावला, मीटर घेतलं आणि लोखंडी पासेवर आवळलेल्या बोर्डाच्या दोन कोपऱ्यांवर त्याची टोकं टेकवली. मीटर वाजलं. जोडणी होती. त्याने विजयाने मान हलवली, आणि मान हलवता हलवताच त्याचा हात स्क्रूंकडे गेला. दोन्ही स्क्रू काढून त्याने बोर्ड हातात धरला आणि पुन्हा टोकं टेकवली. मीटर गप्प राहिलं.

एका कोपऱ्यातून स्क्रूत, स्क्रूतून वडिलांच्या वखरात, वखरातून दुसऱ्या स्क्रूत. अकरा वर्षं त्याचा बोर्ड त्या लोखंडाच्या जिवावर चालत होता. कारखान्याची पेटी प्लास्टिकची होती.

तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन भातकुलीला गेला. त्याचा थोरला भाऊ जानराव तिथे शेवंती आणि झेंडू करायचा. त्याच्या विहिरीवरचा स्टार्टर याच कारखान्याचा होता आणि देवमन नातेवाइकांत त्याचा दाखला द्यायचा. नऊ वर्षं झाली, अमक्याच्या मोटारी जळाल्या, तमक्याच्या जळाल्या, जानरावची नाही. जानराव फुलांचे क्रेट टेम्पोत चढवत होता. त्याने धाकट्याला विचारलंही नाही की पेटी कशाला उघडतोस. देवमनला काही विचारलं की तो आधी विचारणाऱ्याची लायकी काढतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

झाकण निघालं. आत कोळिष्टक होतं, एक वाळलेली पाल होती, आणि त्यांच्या खाली रंग उडालेली निळी तार, एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात, दोन्हीकडे तोच नेमका थेंब.

“नऊ वर्षं झाले,” मागे येऊन जानराव म्हणाला. “हात लावा नाही लागला. आता काय, तूच बनवला म्हटल्यावर.”

देवमनने पाल काडीने बाहेर काढली. झाकण लावून चारही स्क्रू आवळले.

“अकोल्याले बनवला,” तो म्हणाला.

जानरावला यात वेगळं काही वाटलं नाही. तो क्रेटांकडे गेला.

पुढचे पाच दिवस देवमन खोलीतून फारसा बाहेर पडला नाही. त्याने आयुष्यात पहिल्यांदा त्या बोर्डाचं सर्किट शिकाऊंसारखं कागदावर काढलं, प्रत्येक भागाला क्रमांक दिला, प्रत्येक पायाची जोडणी संगणकात भरली. संगणकाने सगळं तपासलं आणि एकच चूक दाखवली. डाव्या कोपऱ्यातून उजव्या कोपऱ्यात एक बारीक पिवळी रेघ लुकलुकत राहिली: इथे जोडणी पाहिजे, ती नाही. गाढव, देवमन म्हणाला. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

त्याने ती जोडणी ओढली. वरच्या थरात जागा होती, मधे एक वळण द्यावं लागलं एवढंच. दीड मिनिट लागलं. पिवळी रेघ गेली आणि चुकांच्या रकान्यात शून्य आलं. आता फाइल पाठवायची, आणि अकरा वर्षांची चूक कुणाला काही न बोलता बुजून जाणार होती. गीतांजलीला कळलं असतं, पण बोर्ड बरोबर झाल्यावर कळून काय करणार? शेठने चहा फुंकला असता. हॉलमधल्या निळ्या रिळाचं काम मात्र त्या दिवशी संपलं असतं.

तो त्या शून्याकडे बराच वेळ बघत बसला. त्याला लाज वाटत होती, आणि लाज ही वस्तू त्याच्या इतक्या सवयीची नव्हती की तिचं काय करायचं ते लगेच सुचावं. मग त्याने ओढलेली रेघ निवडली आणि पुसून टाकली. दोन्ही कोपऱ्यांत एकेक गोल टिकली ठेवली, तारेची टोकं बसतील एवढी. भागांच्या यादीत सगळ्यात खाली एक नवी ओळ लिहिली, आणि फाइल अकोल्याला पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी गीतांजलीचा फोन आला.

“सर, फाइल उघडली. फार नीट भरलीय. मशीनवाल्यांनाही चालतेय.” वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. “फक्त भागांच्या यादीतली शेवटची ओळ विचारायची होती. तार, निळी, सहा सेंटिमीटर, एक नग. हाताने लावायची, मशीनने नाही. असं लिहिलंय.”

“बरोबर लिहिलं हाय.”

“पण सर, तिथे वरच्या थरात जागा आहे. मी बघितलं. एक रेघ ओढली की तार लागणारच नाही. दोन मिनिटांचं काम आहे, मीच करते.”

“तुमी हात लावू नका त्याले.”

“सर, जोडणी राहून गेली असेल तर त्यात काही एवढं...”

“राहून काही गेलं नाही,” देवमन म्हणाला. “तिथं तारच पाह्यजे. काहून पाह्यजे ते तुमाले नाही समजणार. बोर्ड माझा हाय. तार काढाची असंन त माझं नाव काढा त्याच्यावरून, आन् मंग मोटारी जळल्या त मले फोन करू नका. अकरा वर्षांत एक तक्रार नाही.”

तिच्या मागे कुठेतरी मशीन चालू करून बघत असावेत. एक एकसारखी टकटक ऐकू येत होती.

“ठीक आहे, सर,” गीतांजली म्हणाली.

ते तिने कसं म्हटलं हे देवमनला बरोबर कळलं. समोरचा माणूस मूर्ख आहे, त्याला समजावण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही, आणि तो म्हातारा होत चाललाय, हे सगळं त्या तीन शब्दांत होतं. हा सूर त्याच्याच घरचा होता. जन्मभर त्याने तो इतरांना लावला होता. त्याला मात्र आजवर कोणी लावला नव्हता. उत्तर त्याच्या ओठावर आलं, आणि त्याने ते गिळलं.

“आन् ऐका,” तो म्हणाला. “तार अंदाजानं तोडू नका म्हणावं. खिळ्यांवर मोजूनच.”